हाकेचा सडा

घाटमाथ्यावर, जिथून एका अंगाला कोकण आणि दुसऱ्या अंगाला देश दिसतो, तिथे तांबड्या-काळ्या कातळाचा एक सपाट सडा आहे. त्यावर देऊळ नाही, समाधी नाही, झेंडाही नाही. मधोमध कातळात छिन्नीने कोरलेले तळव्याएवढे एक वर्तुळ आहे आणि त्याच्या मध्यावर एक भोक. या वर्तुळाला कुणी शेंदूर लावत नाही, कुणी नारळ फोडत नाही. पण अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आसपासच्या धनगरवाड्यांतली एखादी वयस्क बाई त्या वर्तुळावर पाय रोवून उभी राहते, डाव्या हाताचा तळवा कानामागे धरते आणि समोरच्या डोंगरांना हाका मारते. ती माणसांना हाक मारत नाही, वाड्यांना मारते. "ए उंबरढव्या, हो!" अशी लांबवलेली हाक दरीत उतरते आणि थोड्या वेळाने उंबरढव्याच्या झाडीतून धुराची सरळ रेघ वर येते. मग पुढचे नाव, पुढची रेघ. धूर आला की सड्यावर जमलेले लोक एकमेकांना सांगतात, "ओ दिली."

आलेल्या पाहुण्यांना या चालीची गोष्ट बमूबाबा ढेबे सांगतात. वय विचारले तर म्हणतात, "कागदावर अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यात शंभर." घोंगडीची घडी मांडीखाली घेऊन ते त्या वर्तुळाशेजारी बसतात आणि सुरुवातीलाच बजावतात, "मी तिथं नव्हतो. आणि जो म्हणेल मी होतो, त्याच्याकडनं ताकसुद्धा घेऊ नका." म्हणून त्यांच्या गोष्टीत 'म्हणे' फार येतो.

इंग्रजांचे राज्य डोंगराखाली पक्के झाले होते, पण डोंगर चढून वर आले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. माथ्यावर तेव्हा गवळी धनगरांच्या नऊ वाड्या होत्या. वाडी म्हणजे चार-पाच गवताने शाकारलेली घरे, म्हशींचा गोठा आणि नाचणीपुरता एखादा उतार. एका वाडीतून दुसरी दिसत नसे; मध्ये डोंगराची सोंड किंवा दाट रान. कुणी जन्मले, कुणी गेले, म्हैस चुकली, सोयरीक जमली, सगळे हाकेनेच कळायचे.

असे सांगतात, की एका वैशाखात खालून माणसांची रांग चढताना दिसली. पुढे निशाणे, मागे लोखंडी साखळ्या, पेट्या, तंबू आणि एक गोरा साहेब. सरकार सगळ्या मुलखाचा नकाशा करत होते आणि त्या कामाला या सड्याइतकी चांगली जागा दहा कोसांत दुसरी नव्हती. साहेबाने कातळात वर्तुळ कोरून घेतले, त्यावर तिकाटणे उभे केले आणि तिकाटण्यावर दुर्बीण बसवली.

वाड्यांमधली सगळ्यांत जुनी बाई होती धोंडाय. नवरा आणि दोन मुलगे तापाने गेलेले. सड्याच्या सोंडेमागे असलेल्या नवव्या वाडीत ती घरात एकटीच राहायची आणि नऊही वाड्या तिचे ऐकायच्या. लहानपणी तिने लुटारूंच्या टोळ्या खालून जाताना पाहिल्या होत्या. चुली विझवून, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा काढून माणसे झाडीत बसत आणि टोळी निघून जाई. लपणे हे या लोकांचे कसब होते. त्याच्यावर ते जगले होते. तेव्हा निशाणे दिसताच सगळे तिच्याकडे आले. ती म्हणाली, "सरकार डोंगर चढतं ते दोनच कामांला. एक न्यायला, आन् दुसरं न्यायला. चुली इझवा. जनावरं दरीत घाला. निशान उतरंपर्यंत कुनी धूर काढायचा न्हाय."

नऊ वाड्या विझल्या. तिच्या स्वतःच्या वाडीतल्यांनी तर तिचा शब्द इतका मनावर घेतला, की ते वाघदऱ्याच्या पार तळाला जाऊन बसले.

धोंडाय मात्र लपली नाही. साहेबाचा तळ काय करतो ते कळावे म्हणून ती रोज ताकाचे मडके डोक्यावर घेऊन सड्यावर जायची. "खालच्या गावची हाय," असे सांगायची. मोजणीची साखळी ओढणाऱ्या खलाशी मजुरांत खाडीकाठचा इस्माईल म्हणून एक जण होता. त्याला ताकाची चटक लागली आणि दोघांची थट्टामस्करी सुरू झाली. सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी इस्माईल भांडे तोंडाला लावत म्हणाला, "उद्यापासून तुझं ताक बंद, म्हातारे. तंबू उठतोय. काम झालं."

"कसलं काम झालं? आठ दिस नुसतं नळीतनं बघताय."

"बघितलेलं लिहून झालं. हा सगळा डोंगर ओसाड."

"ओसाड म्हंजी?"

"म्हणजे इथं माणूस नाही, घर नाही, नाव नाही. आता हे सरकारी रान. पावसाळा सरला की लाकूडतोडे येतील, मागनं पहारेकरी येतील. आत कोण सापडला तर तो चोर."

धोंडायने त्याच्या हातातल्या भांड्याकडे बोट केले. मग तिने विचारले, "मग आत्ता पेलास ते ताक कुनाच्या म्हशीचं रं?"

इस्माईलने भांडे खाली ठेवले.

त्या डोंगरावरच्या लाकडाची गरज कुणाला होती, हे धोंडायला माहीत असण्याचे कारण नव्हते. खाली देशावर तेव्हा रेल्वेचे रूळ पडत होते. रूळ कापूस बंदरावर नेण्यासाठी, कापूस समुद्रापलीकडच्या गिरण्यांसाठी, आणि त्या गिरण्यांचे कापड पुन्हा आपल्याच बाजारात विकण्यासाठी. रुळांखाली घालायला टणक लाकूड हवे होते; ते या रानात होते. कुठल्या तरी थंड देशातल्या शहरात भोंगा वाजला की वाघदऱ्यातले झाड हलावे, इतके जग तेव्हाच जोडले गेले होते. फक्त वाघदऱ्याला ते कुणी कळवले नव्हते. रान घ्यायचे तर ते ओसाड असावे लागते. आणि ओसाड आहे हे आपल्याच माणसांनी, शहाणपणाने, चुली विझवून सिद्ध करून दिले होते.

धोंडाय इस्माईलला घेऊन साहेबाच्या तंबूपुढे उभी राहिली. साहेबाला आपली भाषा थोडी यायची. जिथे अडेल तिथे कारकून सांगायचा. तिने सांगितले, की इथे नऊ वाड्या आहेत. कारकून उसळला. "आठ दिवस माणसं शोधतोय, तेव्हा कुठं होतीस?"

"लपून हुते."

"मग आत्ताच बरी उगवलीस!"

"आता लपायला जागाच ठेवली न्हाय तुमी. मग काय करू?"

साहेब हसला नाही आणि रागावलाही नाही. तो म्हणे शिस्तीचा माणूस होता. त्याने सांगितले, की ऐकलेले नाव तो लिहीत नाही. दुर्बिणीतून दिसते तेच लिहितो. उद्या सूर्य डोक्यावर येईपर्यंत दुर्बीण जागेवर राहील. त्यानंतर उन्हाची वाफ उठते, लांबचे काही दिसत नाही आणि तंबू पुढच्या डोंगरावर जायचा आहे. तोवर ज्या वाडीचे घर दिसेल, निदान धूर दिसेल, ती कागदावर येईल. बाकीचे ओसाड.

दुसऱ्या दिवशी ऊन पडताच धोंडाय सड्यावर आली. दुर्बिणीच्या तिकाटण्याला खेटून, त्या कोरलेल्या वर्तुळाशी तिने पाय रोवले, तळवा कानामागे धरला आणि पहिली हाक घातली. "ए उंबरढव्या, हो! धूर काढा!"

काही झाले नाही. तिने पुन्हा हाक मारली. रान गप्प. झाडीत बसलेल्यांना हाक ऐकू येत होती, आवाजही ओळखीचा होता. पण सरकारने म्हातारीला धरून हे बोलायला लावले असेल, असे त्यांना वाटले. निशाण अजून उतरलेले नव्हते आणि निशाण उतरेपर्यंत धूर काढायचा नाही, हे तिनेच तर सांगितले होते. कारकून दौतीचे झाकण उघडून बसला होता. तो म्हणाला, "आजी, डोंगर बहिरा आहे वाटतं तुमचा."

तेव्हा धोंडायने तिसऱ्यांदा हाक मारली. "ए उंबरढव्या, हो! म्याच म्हनलं हुतं लपा! म्या चुकले! चुली पेटवा!"

असे सांगतात, की 'म्या चुकले' हे शब्द ऐकले आणि रान हलले. धोंडायच्या तोंडून ते कुणी कधी ऐकले नव्हते. बमूबाबा इथे थांबतात आणि म्हणतात, "धाक घालून तिच्याकडनं काहीबी वदवता आलं असतं, पण हे न्हाय. त्यामुळं कळलं, म्हातारी मनानंच बोलतेय."

उंबरढव्यातून धूर आला. इस्माईलने दुर्बीण तिकडे वळवली, साहेबाने डोळा लावला आणि नाव लिहिले. मग गव्हळी. मग येळवंडी. मग दुसऱ्या, तिसऱ्या हाकेची गरजच पडेना. एक धूर दिसला, की पलीकडच्या वाडीला आपोआप धीर येई. कारकून मोडीत लिही, साहेब आपल्या लिपीत लिही, आणि प्रत्येक नावाला धोंडाय मान हलवी. आठ धूर उभे राहिले. आठ नावे झाली.

नववी तिची स्वतःची वाडी. तिथे हाक मारून उपयोग नव्हता. वाडी सोंडेमागे होती, पण आवाज तिथवर जाई. नव्हती ती माणसे. तिच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवणारे सगळ्यांत खोल जाऊन बसले होते. सूर्य बराच वर आला होता.

ती उतारावरून निघाली. इस्माईल मागून ओरडला, "म्हातारे, पोचशील का एवढ्या वेळात?"

"उतरायला पाय लागत न्हाईत रं. डोंगरच उतरवतो. तू नळी हलू देऊ नको म्हंजी झालं."

पुढे काय झाले ते कुणी पाहिले नाही. बमूबाबा इथे आवाज खाली आणतात. ती पोचली तेव्हा वाडीत चिटपाखरू नव्हते. चूल पेटवली असती तर तिचा धूर सोंडेच्या वर आलाच नसता. आणि आला असता तरी उन्हाच्या वाफेत विरला असता. मोठा जाळ हवा होता. गोठ्यापाशी वैरणीची गंज होती, पण ती सगळ्या वाडीच्या म्हशींची होती. पावसाळ्याचे चार महिने त्यावर काढायचे होते. शेजाऱ्यांची घरे शेजाऱ्यांची होती. तिचे म्हणावे असे एकच होते. तिने म्हणे घरातून देवाचे टाक बाहेर काढले, ताकाचा डेरा आणि रवी बाहेर काढली, आणि छपराला पेटती चूड लावली.

सड्यावर कारकुनाने दौतीला झाकण घातले होते. इस्माईल दुर्बीण सोडायला तयार नव्हता. साहेबाने दोनदा सांगितले तरी तो स्क्रू सैल करण्याचे निमित्त करत तिथेच रेंगाळत होता. आठ वाड्यांतले काही लोक आता झाडीतून बाहेर येऊन सड्याच्या कडेला उभे राहिले होते. अचानक सोंडेमागून काळा, जाडजूड लोट वर आला. दुर्बिणीची गरज नव्हती. तो खाली कोकणातूनही दिसला असेल.

"काय नाव त्या वाडीचं?" साहेबाने विचारले.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. वाडीला जुने नाव होते, पण त्या क्षणी कुणाच्या तोंडी ते येईना. चुलीचा धूर कसा असतो आणि घराचा कसा, हे त्यांना कळत होते. शेवटी एक जण म्हणाला, "धोंडायचा वाडा."

"धोंडाय कोण?" कारकुनाने विचारले.

"रोज जिचं ताक प्यालो ती," इस्माईल म्हणाला. "लिही."

नकाशावर नववे नाव पडले. काही जण सांगतात, की साहेबाने टोपी काढली. बमूबाबा तसे सांगत नाहीत. "त्यानं नाव लिहिलं. तेवढं त्याचं काम होतं, ते त्यानं चोख केलं. बाकीचं आपण कशाला त्याच्या अंगाला लावायचं?"

नाव लिहिले म्हणून राज्य दयाळू झाले नाही. पावसाळ्यानंतर लाकूडतोडे आलेच. ऐन, किंजळ, जांभा यांची मोठी मोठी झाडे उतारावरून गेली आणि रुळांखाली झोपली. चरायच्या वाटा अडल्या. वाड्यांतल्या तरण्या माणसांना बिगारीला धरून नेले. पण रानाची हद्द आखणारी रेघ त्या नऊ नावांशी आली की वळली. नऊ वाड्या उठल्या नाहीत. आणि पुढे शंभरेक वर्षांनी, आपलेच राज्य आल्यावर, जेव्हा रानाची नवी हद्द ठरू लागली आणि आपल्यातलाच एक अधिकारी सड्यावर उभा राहून म्हणाला, "इथे तर कधी वस्ती नव्हतीच," तेव्हा बमूबाबांचे वडील जानूबाबा चार जणांना घेऊन पायी निघाले. शहरातल्या एका दप्तरखान्यात त्यांनी तीन दिवस ठाण मांडले. चौथ्या दिवशी तो पिवळा कागद निघाला. परक्या लिपीत, बारीक अक्षरात, नऊ नावे. जानूबाबांना वाचता येत नव्हते. त्यांनी शिपायाला सोंडेमागचे ठिकाण बोटाने दाखवून विचारले, "हितं काय लिवलंय?" शिपायाने अडखळत वाचले. 'धोंडायचा वाडा' हे नाव जानूबाबांनी त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतले म्हणे.

या गोष्टीत मन भरून येते ते इथे. मुलूख ताब्यात घ्यायला काढलेला कागद या माणसांनी मुलूख राखायला वापरला. हत्यार परक्याचे होते, पण त्याला आपले नाव त्यांनी लिहायला लावले. आज आपण ज्याला देश म्हणतो, त्याच्या हद्दी, त्याचे रूळ, त्याचे कायदे, त्याच्या कचेऱ्यांची भाषासुद्धा पुष्कळशी अशीच परक्या हातांनी आखलेली आहे. पण नुसत्या रेघांचा देश होत नाही. कुठेतरी कुणीतरी, आपली चूक मोठ्याने कबूल करून, आपले छप्पर पेटवून त्या कागदाला सांगितलेले असते, की इथे माणसे आहेत. निवडणुकीच्या दिवशी आज त्रेसष्ट मतदारांसाठी चार कर्मचारी आणि एक पोलीस मतदान यंत्र पाठीवर घेऊन हा डोंगर चढतात. घामाघूम होतात, कुरकुरतात आणि चढतात. धोंडायच्या धुराचे मोल कळायला त्याहून वेगळे काही पाहावे लागत नाही.

नावे लिहिली गेली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत धोंडायचे घर जळून गेले होते. पाऊस महिन्यावर आला होता. असे सांगतात, की दुसऱ्या दिवशी आठ वाड्यांतली माणसे प्रत्येकी एक गवताची पेंढी घेऊन आली. कुणी बोलावले नव्हते. तिन्हीसांजेच्या आत घर उभे राहिले, आणि धोंडाय दिवसभर त्यांना रागे भरत होती, की आढे वाकडे बसवले आहे. ते वाकडेच राहिले. इस्माईलचे पुढे काय झाले ते कुणाला ठाऊक नाही. एवढेच सांगतात, की तो तळाबरोबर गेला तेव्हा त्याच्याकडे ताकाचे एक भरलेले मडके होते.

आजही हाकांचा रविवार आला, की नऊपैकी आठ वाड्यांतून धूर निघतो. धोंडायच्या वाड्यात मात्र त्या दिवशी कुणी काडी ओढत नाही. तिथे बाकीच्या वाड्यांतले लोक पेंढ्या घेऊन जातात आणि तिच्या जागेवरच्या घराचे छप्पर नव्याने शाकारतात. पेंढी विकत आणलेली चालत नाही. स्वतः कापलेली लागते. गव्हळीचा एक जण मस्कतच्या बंदरात क्रेन चालवतो, येळवंडीची एक मुलगी जर्मनीत परिचारिका आहे. दोघे रजा मिळेल त्या वर्षी विमानाने येतात, आदल्या दिवशी विळा घेऊन उतारावर जातात आणि हाताला फोड आले की घरच्यांची बोलणी खातात.

यंदा सड्यावर बाहेरगावचे पाहुणे बरेच होते. एका मुलीने फोनवर नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि बमूबाबांना म्हणाली, "बाबा, इथे तर काहीच दाखवत नाही. नुसतं हिरवं."

"सोंडेच्या मागं बघितलंस?"

"बघितलं. नाव नाही."

बमूबाबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. मग काठीवर भार देऊन उठले आणि तिला त्या वर्तुळावर उभे केले.

"हाक मार," ते म्हणाले.

मुलगी लाजली. तिने इकडेतिकडे पाहिले. मग तिने तळवा कानामागे धरला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडली, "ए धोंडायच्या वाड्या, हो!"

हाक सोंडेपलीकडे गेली. सगळे थांबून राहिले. आणि मग डोंगराच्या मागून, जिथे काहीच दिसत नव्हते तिथून, छप्पर शाकारायला जमलेल्या पन्नास-साठ माणसांचा एकच आवाज आला.

"ओ!"

"आता लिही," बमूबाबा तिला म्हणाले.